शपथ न मोडता दिलेली खबर

ती केस आठवली की मी आजही खुर्चीत ताठ बसतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगड खाल्ले. पण छाती धडधडायला लावणारा तपास कोणता असं कुणी विचारलं, तर मी हाच सांगतो. यात गोळी सुटली नाही, गाडीचा पाठलाग झाला नाही. गुन्हेगार आमच्या ठाण्यात स्वतःच्या पायानं येऊन चहा पिऊन गेला होता, आणि तरी आम्ही त्याला गावभर शोधत होतो. इथे मी कुणाचंही खरं नाव घेणार नाही. ज्या मुलीची ही गोष्ट आहे तिला आपण बेबी म्हणू, कारण आमच्या नागपुरात घरोघरी एक बेबी असतेच.

तेव्हा मी जरीपटक्याच्या बाजूच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. आमच्याकडे वरिष्ठ निरीक्षकाला लोक अजूनही ठाणेदारच म्हणतात. गणपती विसर्जनाचा बंदोबस्त नुकताच उरकला होता, शिपायांच्या पायांची सूज उतरली नव्हती आणि नवरात्र-दसऱ्याच्या बंदोबस्ताची आखणी डोक्यावर होती. सकाळची हजेरी घेऊन मी केबिनमध्ये तर्री-पोह्यांची पुडी उघडतो न उघडतो तोच ठाणे अंमलदार आत आला. एक बाई आली आहे, मला काही सांगत नाही, साहेबच पाहिजेत म्हणते, अशी त्याची तक्रार. अंमलदाराला न सांगता थेट ठाणेदार मागणारी माणसं दोनच प्रकारची असतात, असा माझा अनुभव. एकतर त्यांच्याकडे काहीच नसतं, नाहीतर फार मोठं काही असतं. मी पुडी बाजूला ठेवली.

आत आली ती सत्तावीस-अठ्ठावीसची मुलगी. हातात हेल्मेट, खांद्याला कापडी पिशवी, चेहरा रात्रभर झोप नसल्यासारखा. काटोलकडची, वडिलांची संत्र्याची बाग. इथे विद्यापीठात पीएचडी करत होती. विषय विचारला तर म्हणाली, मुलगी आहे म्हणून जे भोगावं लागतं, छेडछाड, धमक्या, पाळत, त्याचा कोवळ्या वयातल्या मनावर काय परिणाम होतो ते. मला सकाळी सकाळी चेष्टेची लहर आली. म्हटलं, म्हणजे पोरी काहून रडतात यावर डॉक्टरेट? ती चिडली नाही. शांतपणे म्हणाली, "नाही सर. रडायच्या काहून थांबतात, त्यावर."

माझी चेष्टा तिथेच संपली. मी तिच्यासाठी चहा सांगितला आणि ऐकायला बसलो.

ती आमच्याच हद्दीतल्या एका शाळेत नववीच्या मुलींशी दर आठवड्याला गप्पा मारायला जायची. मुली तिला ताई म्हणायच्या, म्हणून मीही तिला ताईच म्हणतो. तिच्या लक्षात एक गोष्ट आली होती. वर्गातल्या काही मुलींनी आपणहून मोबाइल वापरणं सोडून दिलं होतं. घरचे खूश, पोरगी सुधारली म्हणून. शाळा तर इतकी खूश की एका मुलीचा प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांपुढे गुलाबपुष्प देऊन सत्कार केला, मोबाइलमुक्त विद्यार्थिनी म्हणून. ती मुलगी म्हणजे बेबी. टाळ्या वाजत होत्या तेव्हा ताई मागे उभी होती, आणि तिला दिसलं की बेबीच्या हातातलं फूल थरथरतंय.

"चौदा वर्षांची पोरगी हौसेनं फोन टाकत नाही, सर," ताई म्हणाली. "त्यातून काहीतरी बाहेर येऊन तिले चावते, तेव्हा टाकते."

त्या दिवशी तिनं बेबीला एकटं गाठलं. बेबीनं सांगितलं ते असं: एका अनोळखी खात्यावरून कुणीतरी धमकावतंय, तुझे फोटो घाणेरडे करून बापाला आणि साऱ्या वस्तीला पाठवीन म्हणतंय, आणि येत्या रविवारी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, ये म्हणतंय. शेवटी ती असंही म्हणाली की आता जगावंसं वाटत नाही. ताईनं त्याच संध्याकाळी आईला विश्वासात घेतलं, मायलेकींना मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं आणि पोरीला घटकाभरही एकटं सोडू नका असं बजावलं. सकाळी उठून ती माझ्यापुढे बसली होती.

मी विचारलं, मुलींना तू शब्द दिला असशील ना, कुणाला सांगणार नाही म्हणून? ती म्हणाली, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सगळं माझ्यापाशी राहील, पण कुणाच्या जिवावर बेतत असेल तर मी गप्प बसणार नाही. आणि इथे येण्याआधी बेबीला तिच्या आईच्या फोनवर सांगून आली होती की मी पोलिसांकडे चालले. तिच्या मार्गदर्शकांनी म्हणे, पुन्हा विचार कर, वर्गातल्या मुलींचा विश्वास उडाला तर सगळं काम बुडेल, असं सुचवलं होतं. यावर तिनं काय उत्तर दिलं हे तिनं सांगितलं नाही. माझ्यापुढे बसली होती, हेच उत्तर.

वार बुधवार होता. रविवार तोंडावर होता.

अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल केला. बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यात मुलाला ठाण्यात बोलवायचं नसतं, गणवेशात जायचं नसतं, म्हणून आमच्या महिला उपनिरीक्षक मॅडम साध्या साडीत बेबीच्या घरी गेल्या. बाल कल्याण समितीला कळवलं. फोन वडिलांच्या संमतीनं, पंचनामा करून ताब्यात घेतला. सायबरच्या पोरांनी फोन पाहून मान हलवली. खातं खोटं, पत्ता लपवलेला, कंपनीकडून माहिती यायला वेळ लागणार. ते उत्तर सवडीनं येणार होतं आणि रविवार काही सवड देणार नव्हता.

बेबीला मॅडमनी हर तऱ्हेनं विचारलं. त्रास कोण देतं? तिचं एकच उत्तर, मले नाही माहीत. आम्ही मग नेहमीचा रस्ता धरला. बीटचे हवालदार कामाला लावले. कोपऱ्यावर गाड्या घेऊन उभी राहणारी टोळकी, दहावीला बसून बसून थकलेली पोरं, शाळेबाहेरचे टपरीवाले, सगळ्यांची हजेरी घेतली. साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच. गुरुवारी दुपारी बेबीचे वडील ठाण्यात आले, सोबत गल्लीतला एक तरुण. या पोराचं गल्लीत छोटं दुकान, रिचार्ज, ऑनलाइन अर्ज, नवीन मोबाइल चालू करून देणं. सारी गल्ली त्याला दादा म्हणायची. वडील म्हणाले, "साहेब, हा आमच्या घरचाच होय. मोबाइलचं मले काही समजत नाही, यालेच विचारा." पोरगा नम्र, केस नीट विंचरलेले, बोलताना हात जोडलेले. त्यानं दोन-तीन टवाळ पोरांची नावं दिली, आमच्या हवालदारानं त्याला चहा पाजला आणि आम्ही त्या पोरांच्या मागे पळालो. त्यांच्याकडे काहीच निघालं नाही.

संध्याकाळी मॅडम माझ्या केबिनमध्ये आल्या. त्यांची नजर तयार होती. म्हणाल्या, सर, पोरगी खोटं बोलत नाही. त्रास कोण देतं विचारलं की सरळ डोळ्यांत पाहून नाही माहीत म्हणते. पण हे आधी कुणाला सांगितलंस, असं विचारलं की आईकडे पाहते आणि ओठ मिटते. ताईही तिथेच बसली होती. ती म्हणाली, तिनं आईची शपथ घेतली आहे. कुणीतरी घ्यायला लावली आहे. शपथ मोडली तर आई मरेल, असं तिला वाटतं.

मी हसलो नाही. आमच्या धंद्यात शपथेची ताकद मी पाहिली आहे. पक्का घरफोड्या, कोर्टाला न भिणारा, पण लेकराच्या डोक्यावर हात ठेवून बोल म्हटलं की पाय मागे घेतो. चौदा वर्षांच्या पोरीची काय कथा? डॉक्टरांनीही बजावलं होतं की दडपण आणू नका. आता करायचं काय?

तेव्हा ताईनं जे सुचवलं ते ऐकून मी आधी तिच्याकडे पाहतच राहिलो. भुलाबाईचे दिवस होते. वऱ्हाड-नागपूरकडे भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरात भुलाबाई मांडतात, संध्याकाळी गल्लीतल्या मुली जमून गाणी म्हणतात, आणि शेवटी खिरापत ओळखण्याचा खेळ होतो. जिच्या घरची खिरापत ती झाकलेला डबा हलवून वाजवते. बाकीच्या विचारतात, गोड का तिखट, ओलं का कोरडं, घरचं का विकतचं. घरवालीनं फक्त तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, नाव सांगायचं नाही. ओळखणारीनं ओळखायचं. शहरात आता हे कमी झालं, पण बेबीच्या आईनं यंदाही भुलाबाई मांडली होती.

"खिरापतवाली कधी सांगत नाही, सर," ताई म्हणाली. "आणि तरी सगळ्यांना कळतं. शपथ सांगायची नाही अशी आहे. ओळखू द्यायचं नाही, अशी कुठं आहे?"

मी म्हटलं, हा तपास आहे का महिला मंडळ? सूचक प्रश्न विचारून घेतलेली हो-नाही कोर्टात टिकत नाही, बचावाचा वकील फाडून खाईल. पण मॅडमचे डोळे चमकले होते. त्या म्हणाल्या, सर, पुरावा नको. दिशा पाहिजे. पुरावा आपण मागून जमवू. बरोबर होतं. मी हो म्हटलं, आणि खरं सांगतो, हो म्हणताच माझ्या अंगात वीस वर्षांपूर्वीचा फौजदार संचारला.

शुक्रवारी संध्याकाळी बेबीच्या अंगणात गल्लीतल्या पोरी जमल्या. गाणी झाली, डबा वाजला, खिरापत ओळखली गेली, फुटाणे-गूळ वाटून पोरी आपापल्या घरी गेल्या. समोरच्या खोलीत बेबी, तिची आई, ताई आणि मॅडम राहिल्या. मी मधल्या भिंतीपलीकडे वेताच्या मोड्यावर बसलो होतो. चोरून नाही, बेबीला सांगून. तिला ताई म्हणाली होती, बाहेर एक काका बसले आहेत, तुला नको असेल तर उठून जातील. बेबीनं विचार करून सांगितलं, बसू द्या.

ताईनं रिकामा डबा तिच्या हातात दिला. म्हणाली, "यात एक माणूस आहे, असं समज. तुले नाव घ्यायचं नाही. मी ओळखते. चांगला असन तर गोड म्हण, वाईट असन तर तिखट."

मग डबा हलल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ पोरीचा बारीक आवाज.

"गोड."

मी मोड्यावरून पडायचाच बाकी होतो. आम्ही चार दिशांना राक्षस शोधत होतो आणि पोरगी म्हणत होती गोड! पण ताईचा आवाज जरासुद्धा हलला नाही. तिनं विचारलं, घरचं का बाहेरचं? बेबी म्हणाली, बाहेरचं, पण घरच्यासारखं. आपल्याच घरी येतं का साऱ्यांच्या? साऱ्यांच्या. मग ताईनं तो प्रश्न विचारला, जो आम्ही तीन दिवसांत एकदाही विचारला नव्हता. "हा माणूस तुले त्रास देत नाही. हा तुले मदत करून राहिला. हो नं?"

डबा खाली पडला आणि पोरगी रडायला लागली. मग आईचा आवाज आला, आधी पुटपुटल्यासारखा, मग मोठा. "अवो बाई. दादा?"

बेबी हुंदक्यांतून म्हणाली, "मी नाही सांगतलं आई. तूच ओळखलं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! पुढचं सगळं आईनं ओळखत नेलं आणि बेबी मान हलवत गेली. पहिली धमकी आली तेव्हा ती घाबरून दादाकडे गेली होती, कारण फोन त्यानंच चालू करून दिला होता. तो म्हणाला, मी पाहतो त्या बदमाशाला, माझी ओळख आहे, पण तू कुणाला बोललीस तर तो फोटो पसरवून देईल. आईची शपथ घे. आणि रविवारी बर्डीवर एकटी नको जाऊ, मी गाडीवर नेतो.

भिंतीपलीकडे मी ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि मोड्यावरून उठलोच. धमकी देणारा आणि वाचवणारा एकच असेल तर रविवारी ती पोरगी स्वतःच्या पायानं त्याच्या गाडीवर बसणार होती, आणि तिला वाटणार होतं आपण सुटलो. कुंपणच शेत खात होतं.

पण अजून हा तर्कच होता. मदत करणं हा गुन्हा नाही. शनिवारी सकाळी मॅडम आणि ताई मोबाइल सोडलेल्या आणखी दोन मुलींच्या घरी गेल्या. आईबापांसमोर फक्त एवढंच विचारलं, तुला या सगळ्यात मदत कोण करतं? दोघींचं उत्तर एकच, दादा. आपल्याशिवाय आणखी कुणाला तो मदत करतो, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

बेबीचे वडील एव्हाना काठी घेऊन त्याच्या दुकानाकडे निघाले होते. त्यांना हवालदारानं कसंबसं माझ्या केबिनमध्ये आणून बसवलं. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही त्याचं डोकं फोडाल तर तो फिर्यादी होईल आणि मी तुम्हाला आत टाकीन. दुपारपर्यंत दम धरा. ते बसले, पण काठी सोडली नाही.

आम्ही त्या टवाळ पोरांच्याच मागे आहोत अशा समजुतीत दादा निर्धास्त होता, आणि बेबीचा फोन आमच्या ताब्यात असल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. वडिलांनी तेवढी एक गोष्ट मात्र आम्ही सांगितल्याप्रमाणे कुणाला बोलली नव्हती. मॅडमनी वरिष्ठांची परवानगी घेतली, सायबरच्या खोलीत पंच बसवले आणि बेबीच्या फोनवरून दादाला निरोप लिहायला घेतला. ताई मागून पाहत होती. म्हणाली, मॅडम, एवढं नीटनेटकं कोणती पोरगी लिहिते? तिनं वाक्य मोडूनतोडून दिलं. मजकूर एवढाच होता की मी आज उमरेडला मावशीकडे चालले, रविवारी नाही येत, कोणाला सांगू नको. ही उमरेडची मावशी आम्हीच जन्माला घातली होती. जगात ती फक्त आमच्या खोलीत आणि दादाच्या फोनमध्ये होती.

दादाचं उत्तर लगेच आलं. ठीक आहे, काळजी नको, मी आहे. मग काहीच नाही. खोलीत पंख्याचा आवाज. मी घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि सारखं तेच पाहत राहिलो. चहा आला तो तसाच गार झाला. मॅडम म्हणाल्या, सर, त्याला संशय आला असेल. मलाही तेच वाटत होतं.

आणि फोन वाजला. अनोळखी खातं. "उमरेडले पळाली तरी तुले सोडत नाही. बर्डीवर यायचंच."

आमचा म्हातारा हवालदार निवृत्तीला टेकलेला, गुडघ्यांनी हैराण. तो टुणकन उठून उभा राहिला. मॅडमनी टेबलावर मूठ आपटली. ताई खुर्चीत बसली होती ती तशीच बसून राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मला काय झालं म्हणून सांगू? नोकरीला लागल्यापासून इतका आनंद मला एखाद्या घाणेरड्या धमकीचा कधी झाला नव्हता. पंचांच्या सह्या घेतल्या, मजकुराचा पंचनामा केला आणि गाडी काढली.

दुकानात तो एका म्हाताऱ्याला मोबाइल चालू करून देत होता. आम्हाला पाहून हात जोडले. फोन आणि संगणक जप्त केले. ठाण्यात आणल्यावर मी आवाज चढवला नाही. मदत करणाऱ्या माणसाला मदतीबद्दल बोलायला फार आवडतं, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, तू या पोरींसाठी बरंच केलंस म्हणे, सांग बरं. तो खुलला. "सर, या वस्तीतल्या पोरी माझ्याच भरवशावर आहेत. घरी कोणाले सांगता येत नाही त्याइले." आणि तो नावं घेत गेला. आमच्याकडे तीन नावं होती. त्यानं चौथं घेतलं, पाचवं घेतलं. लिहिणाऱ्या हवालदाराचा हात थांबला, मी डोळ्यांनीच त्याला लिहीत राहायला सांगितलं. त्या दोघींनी कुणापुढेच, त्याच्यापुढेसुद्धा, तोंड उघडलं नव्हतं, हे आम्हाला मागून कळलं; मग त्यांना धमक्या येतात, हे याला कसं कळलं?

मग मॅडमनी उमरेडची ती धमकी त्याच्यापुढे ठेवली. त्याची पाचावर धारण बसली. शेवटी म्हणाला, "मी कोणाले हातसुद्धा लावला नाही, सर."

मी म्हटलं, "रविवार यायचा होता ना अजून."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. पण त्याच्या फोनमध्ये दोन्ही खाती सापडली, धमकावणारं आणि वाचवणारं. न्यायवैद्यक अहवालानं ते पक्कं केलं, बाकीच्या मुलींच्या आईबापांनी पुढे येऊन फिर्याद दिली आणि यथावकाश त्याला शिक्षाही झाली. निवृत्तीनंतर नव्या फौजदारांपुढे बोलायला बोलावतात तेव्हा मी त्यांना सांगतो, गप्प बसलेला माणूस खोटारडा असतो असं धरून चालू नका. तो कुणाला तरी जपत असतो. छळणाऱ्याचं नाव विचाराल तेव्हा वाचवणाऱ्याचंही विचारा. पोरं टिपून घेतात. ताईचा प्रबंध पूर्ण झाला. तिनं मुलींना सांगूनच सगळं केलं होतं, म्हणून त्या वर्गातल्या एकाही मुलीनं तिच्याशी बोलणं सोडलं नाही.

पण मला जे शिकायचं होतं ते मी रविवारी शिकलो. अटक झाली होती, पण खेळातल्या माना हलवण्यावर खटला उभा राहत नाही. बेबीचा जबाब तिच्याच तोंडून, तिच्याच शब्दांत हवा होता. मॅडम सकाळी घरी गेल्या, मी व्हरांड्यात थांबलो. दादाला पकडलं आहे, तो गोड नव्हता, तोच तिखट होता, हे बेबीला ताईनं हळूहळू समजावलं होतं. पोरीला ते पटलंही होतं. तरी तोंड उघडेना. माणूस खोटा निघाला म्हणून शपथ खोटी होत नाही, असं तिचं म्हणणं. मॅडमनी समजावलं, ताईनं समजावलं.

आई चुलीपुढून उठली. पदराला हात पुसले, लेकीपुढे मांडी घालून बसली, तिचा हात धरला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. म्हणाली, "माझी शपथ घातली होती नं त्यानं? माझ्या जिवाची मालकीण मी होय, तो कोण? मी मोकळी करून राहिली तुले. आता हात इथंच ठेव अन् सगळं सांग. पाहू दे मले काय होते ते."

बेबीनं सुरुवात केली. आधी शब्द सुटे सुटे आले, मग सलग. मॅडमचं पेन थांबेना. एक वाक्य झालं की पोरगी थांबायची आणि आईच्या चेहऱ्याकडे पाहायची. आई म्हणायची, हं, पुढे. पुन्हा वाक्य, पुन्हा पाहणं, पुन्हा हं. मी दाराबाहेर उभा राहून ते ऐकत होतो आणि माझ्या गणवेशाचा मला पहिल्यांदाच विसर पडला होता. साध्या शर्टातच होतो म्हणा.

जबाब वाचून दाखवला, सही झाली. तेव्हा कुठे बेबीनं हात खाली घेतला आणि आईला निरखून पाहत विचारलं, "आई, तुले काही होऊन तर नाही राहिलं?"

"होऊन राहिलं नं," आई म्हणाली. "भूक लागून राहिली वं. चार दिवस झाले, धड जेवली नाही मी. चाल, पानं घे."

बेबी उठली आणि पानं घ्यायला लागली. एक पान तिनं व्हरांड्यात माझ्यासाठीही आणून ठेवलं.